देवळाली, ब्लॅक अँड व्हाइट

परवा भाचीने फोनवर एक क्लिप पाठवली. खाली लिहिलं होतं, "मावशी, आपल्या देवळालीवर ब्रिटिशांनी कॉमेडी सिरियल काढली होती, माहितीय का तुला??" दोन प्रश्नचिन्हं तिचीच. मी चष्मा शोधून लावेपर्यंत क्लिप सुरू झाली होती. चष्म्याची गरजच पडली नाही, पहिल्या चार सुरांवर ओळखलं. पुढचा अर्धा दिवस माझा दुसऱ्याच घरात गेला. गॅसवरचं दूध उतू गेलं ते वेगळं.

तर त्या दुसऱ्या घराची गोष्ट.

नोव्हेंबर १९७३ मध्ये मी इंग्लंडला गेले. लग्नाला सहा महिने झाले होते. हे आधीच तिथे होते, बर्मिंगहॅमच्या पश्चिमेला एका गावात इस्पितळात ज्युनिअर डॉक्टर. लोक त्या भागाला ब्लॅक कंट्री म्हणतात. कोळसा आणि भट्ट्यांच्या धुरामुळे म्हणतात, पण आल्या आल्या ते नाव ऐकून मला उगीचच वाटलं होतं की हे आपल्याला उद्देशून आहे की काय! एका विधवा बाईंच्या घरात वरच्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या. खाली त्या आणि त्यांचं लठ्ठ मांजर.

माझी वेळ तर अशी की विचारू नका. डिसेंबरच्या मध्यावर पंतप्रधान हीथ यांनी जाहीर केलं की कोळसा वाचवायचा आहे, तेव्हा कारखान्यांना आठवड्यातून तीनच दिवस वीज मिळेल. खाणकामगारांनी ओव्हरटाइम बंद केला होता आणि अरबांनी तेल महाग केलं होतं. १९७४ पासून इंग्लंडात १ जानेवारीची सार्वजनिक सुटी सुरू झाली, आणि नेमका त्याच दिवसापासून तो तीन दिवसांचा आठवडाही सुरू झाला. घरात एकच खोली गरम करा, असं सरकारचं सांगणं होतं. ऊर्जा खात्याचे एक मंत्री होते, पॅट्रिक जेन्किन. त्यांनी लोकांना सल्ला दिला की दात अंधारात घासा. मग वर्तमानपत्रवाल्यांनी त्यांच्याच घरात दिवे जळताना पकडले! खालच्या बाई हे आठवून आठवडाभर हसत होत्या.

मला मात्र ह्या सगळ्याचं फारसं काही वाटत नव्हतं. कंदिलाच्या काचा पुसत मोठी झालेली मुलगी मी. वाईट वाटायचं ते एकाच गोष्टीचं, टीव्ही साडेदहाला बंद व्हायचा. सरकारी हुकूमच होता, सतरा डिसेंबरपासून. निवेदक शुभरात्री म्हणायचा, राष्ट्रगीत वाजायचं आणि खोलीत आम्ही दोघं आणि हीटरची ती एक लाल कांडी उरायचो.

आमचा टीव्ही भाड्याचा होता, ब्लॅक अँड व्हाइट. रंगीत टीव्हीचा परवाना वर्षाला बारा पौंड आणि ह्याचा सात, शिवाय भाड्यातही फरक, त्यामुळे रंगीतचा विषयच नव्हता. ह्या टीव्हीच्या मागे एक पत्र्याची डबी होती. तीत दहा पेन्सचं नाणं टाकलं की टीव्ही चालायचा. नाण्याची वेळ संपली की खट्. मग कोणी गात असो, मरत असो, की खुनी कोण ते सांगत असो. दर महिन्याला कंपनीचा माणूस येऊन डबी उघडायचा, नाण्यांचे मनोरे रचून मोजायचा, आणि भाड्याच्या वर काही जमलं असेल तर परत द्यायचा. ते परत आलेले पैसे मला बक्षिसासारखे वाटायचे. (स्वतःचेच पैसे!) ह्यांच्या कोटाच्या खिशातली दहा पेन्सची नाणी मी रोज काढून खिडकीतल्या बशीत ठेवायची. ती बशी म्हणजे आमची करमणुकीची बँक.

मी त्याआधी टीव्ही पाहिलाच नव्हता. मुंबईला २ ऑक्टोबर १९७२ ला टीव्ही सुरू झाला होता, पण नाशिकला कुठला? आमच्याकडे रेडिओ, आणि मिलिटरीच्या मैदानातला पडदा. आता एकदम तीन चॅनल. बीबीसीची दोन आणि आयटीव्ही. दुपारी तासन् तास नुसतं ते टेस्ट कार्ड असायचं, फळ्याशी बसलेली मुलगी आणि तिचा विदूषक. इतकी एकटी होते मी की तेसुद्धा बघत बसायचे. नाणं टाकून!

रविवारी सकाळी बीबीसीवर अर्धा तास आपल्या लोकांचा असायचा, 'नई ज़िंदगी नया जीवन'. बर्मिंगहॅमच्या पेबल मिल स्टुडिओतून. महेंद्र कौल हिंदुस्तानीत बोलायचे, शाळांची माहिती, सरकारी नियम, कधी गझल. त्या दिवशी आम्ही सकाळी लवकर आंघोळ करून बसायचो, देवळात जावं तसं. पण मराठी नाहीच. मराठी शब्द फक्त ह्यांच्याकडून ऐकायचे आणि हे दिवसाचे चौदा तास इस्पितळात.

असो. तो गुरुवार ३ जानेवारीचा. बाहेर चार वाजताच अंधार. खालून 'क्रॉसरोड्स'चं संगीत येत होतं. बर्मिंगहॅमजवळच्या एका मोटेलची ती मालिका, आठवड्यातून चार दिवस, आणि बाई त्यात इतक्या गुंतलेल्या की मोटेलच्या मालकिणीला सख्खी बहीण असल्यासारख्या रागवायच्या. तिथे भिंती हलतात, नट वाक्यं विसरतात, अशी तेव्हाही थट्टा व्हायची. बाईंना पर्वा नव्हती. शेजारच्या घरातला मुलगा स्लेडचं नाताळचं गाणं लावून बसला होता. नाताळ उलटला तरी ते अजून पहिल्या नंबरावर होतं, आणि स्लेडवाली पोरं पडली ह्याच भागातली, त्यामुळे गल्लीत त्याला इलाज नव्हता.

हे त्या दिवशी लवकर आले. मी पिठलं केलं होतं. बेसन बर्मिंगहॅमहून आणलेलं, भाकरी मात्र नाही, ब्रेडच. बशीतलं एक नाणं टाकून आम्ही बसलो. बातम्या झाल्या, त्यात खाणी आणि कोळसा. मग 'नेशनवाइड'. मग अजून काहीबाही. नवाच्या बातम्यांना वेळ होता. नवीन विनोदी मालिका सुरू झाली. 'इट एन्ट हाफ हॉट, मम' असं विचित्र नाव. मला त्याचा अर्थच कळला नाही, हे म्हणाले, म्हणजे फार उकडतंय गं आई. रंगमंचावर सोल्जर लोक गात होते, त्यातले काही बायकांच्या वेषात. १९४५ साल, हिंदुस्थानात तोफखान्याचं एक नाटकमंडळ, आणि त्यांना पाण्यात पाहणारा मिशीवाला सार्जंट मेजर.

आणि मग कोणीतरी म्हणालं, "डिओलाली".

मी ताट खाली ठेवलं. "अहो, देवळाली म्हणाला!" हे म्हणाले, "छे, काहीतरी दुसरं असेल." परत म्हणाला. मी उभीच राहिले. पाच हजार मैलांवर, कोळशाच्या त्या काळ्या गावात, माझ्या गावाचं नाव! तुम्ही जे बाहेर राहिला आहात त्यांनाच हे कळेल. पुण्यामुंबईच्या माणसाला नाही कळायचं, त्यांची नावं जगात सगळीकडे निघतात. पण देवळाली? लहवितच्या पुढचं आणि नाशिकरोडच्या अलीकडचं स्टेशन? मी टीव्हीच्या इतकी जवळ गेले की हे म्हणाले, डोळे जातील.

मी शोधत होते. दारणा कुठे दिसते का, लॅम रोडची झाडं, बराकींची कौलं. काही नव्हतं. ताडमाडांची झाडं उभी केलेली, आणि सगळे घामाने थबथबलेले. देवळालीला जानेवारीत आम्ही शेकोट्या करायचो! सोल्जरांच्या सॅनेटोरियमची हवा ती. पण मला चाललं. मला तेव्हा काहीही चाललं असतं.

मग पडद्यावर ऑर्डर्ली आला. रंगी राम. पगडी, लांब नाक, हात जोडून "साहेब साहेब". मला वाटलं कोणी आपला नट आहे. हे एकदम शांत झाले. मग म्हणाले, "गोरा आहे तो. तोंडाला रंग लावलाय."

नीट पाहिलं, तर खरंच.

पुढे कधीतरी वाचलं, मायकल बेट्स त्यांचं नाव, जन्म झाशीचा, हिंदी-उर्दू उत्तम बोलायचे, युद्धात गुरखा पलटणीत अधिकारी होते. लेखकांपैकी जिमी पेरी तर स्वतः देवळालीच्या त्या नाटकमंडळात होते, म्हणजे गोष्ट ऐकीव नव्हती. बाकी चहावाला आणि पंखेवाला ही कामं आपल्याकडच्याच नटांनी केली होती. पण हे सगळं नंतरचं ज्ञान. त्या क्षणी आमच्या खोलीत काय झालं ते एवढंच की मी उभी होते, हे बसले होते आणि खालून बाईंचं खो खो हसू जिन्यातून वर येत होतं.

आणि खट्. नाणं संपलं.

मी बशीकडे धावले. बशी रिकामी. "अहो, दहा पेन्स आहेत का?" ह्यांनी खिसे चाचपले, म्हणाले, नाहीत. मी पर्स उलटी केली, दोन पेन्सची नाणी निघाली, ती त्या डबीत जात नाहीत. अंधारात काचेवर आमचीच सावली. दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांचा कोट खुंटीवरून काढताना वाजला. तीन नाणी होती.

मी काही बोलले नाही. पण पुढच्या गुरुवारी सहा नाणी रचून ठेवली आणि भांडण झालं. लग्नानंतरचं पहिलं मोठं भांडण, तेही एका विनोदी मालिकेवरून. मी म्हटलं, माझ्या गावाचं नाव ऐकायला मिळतं, तुमचं काय जातं? हे म्हणाले, तुला गाव दिसतं, मला उद्याचा वॉर्ड दिसतो. मी म्हटलं म्हणजे काय? तेव्हा त्यांनी सांगितलं. शुक्रवारी सकाळी वॉर्डात कोणीतरी, मोठ्या हुद्द्याचं कोणीतरी, सगळ्यांसमोर ह्यांना रंगी राम म्हणालं, आणि चहा कुठाय म्हणून विचारलं. नर्सेस हसल्या. पेशंटसुद्धा हसले.

"मग तुम्ही काय केलंत?"

"मी पण हसलो," हे म्हणाले.

एवढं सांगून ते झोपायच्या खोलीत गेले, जिथे हीटर नव्हता.

मी त्या रात्री टीव्ही लावला नाही. पण खोटं कशाला बोलू, पुढच्या आठवड्यात ह्यांची नाइट ड्यूटी होती तेव्हा मी खाली बाईंकडे जाऊन बसले. त्यांच्या टीव्हीला नाणं लागत नव्हतं. बाई मनापासून हसायच्या आणि दर हसण्यानंतर माझ्याकडे वळून बघायच्या, मी हसतेय का ते. बाई वाईट नव्हत्या. मला पहिला लोकरी कोट त्यांनीच दिला. मांजर वेड्यासारखं धावायला लागलं की त्या म्हणायच्या, "गॉन डुलाली". तो शब्द आमच्याच गावाचा, हे त्यांनाही त्या मालिकेपर्यंत ठाऊक नव्हतं. मुदत संपलेले गोरे सोल्जर देवळालीच्या छावणीत बोटीची वाट बघत महिनोन् महिने पडून राहायचे, आणि उकाड्याने, दारूने, कंटाळ्याने डोकं फिरायचं, म्हणून 'डुलाली टॅप'. टॅप म्हणजे नळ नव्हे, आपला ताप. शंभर वर्षं इंग्रज माणूस वेडाला आमच्या गावाचं नाव देत होता आणि आम्ही शाळेत देवळालीची हवा आरोग्यदायी म्हणून निबंध लिहीत होतो!

बाई वळून बघायच्या तेव्हा मीही हसायचे.

हे सगळं मी अप्पांना लिहिलं नाही. लिहिलं एवढंच, की इकडे टीव्हीवर देवळालीचं नाटक लागतं, त्यात सोल्जर आहेत, दोरी ओढणारा पंखेवाला आहे, आणि एक चहावाला आहे जो मधूनमधून इंग्रजी गाणी गातो. अप्पा नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नोकरीला होते. शिस्तीचा माणूस, धोतराची घडी मोडायची नाही. मला वाटलं, त्यांना गंमत वाटेल.

तीन आठवड्यांनी निळं एअरोग्राम आलं. ते माझ्याकडे अजून आहे. आशीर्वाद, थंडीने द्राक्षं गेल्याची बातमी, धाकट्याच्या परीक्षेचं, आणि शेवटच्या घडीवर, जिथे जागा संपत आली म्हणून अक्षर बारीक झालंय तिथे:

"त्या नाटकात चहावाला दाखवितात असे तू लिहिलेस. त्याचे वय किती दाखविले आहे? आम्ही त्या वेळी पंधरा वर्षांचे होतो. दोन वर्षे केले. तुझ्या आईखेरीज कोणास सांगितलेले नाही. जावईबापूंस सांगण्याचे कारण नाही."

मी ते पत्र उभ्याने वाचलं आणि परत पहिल्यापासून वाचलं. आजोबा लवकर गेले हे माहीत होतं. मधली दोन वर्षं अप्पा "कॅम्पात कामाला" होते हेही ऐकलं होतं, पण कॅम्पात म्हणजे आम्ही समजायचो की ऑफिसात. मग एकेक आठवायला लागलं. घरी पाहुणे आले की चहा अप्पा स्वतः आणायचे, आईला आणू द्यायचे नाहीत. आठ कप एकदम, एक थेंब बशीत सांडायचा नाही. आम्हाला वाटायचं, किती पुढारलेले आमचे वडील.

जावईबापूंना सांगू नये असं लिहिलं होतं. मी चार दिवस सांगितलं नाही. पाचव्या दिवशी पत्र टेबलावर उघडं ठेवून भाजी चिरत बसले. ह्यांनी वाचलं. परत होतं तसं घडीवर घडी घालून ठेवलं. त्या गुरुवारी स्वतः नाणं टाकून माझ्या शेजारी बसले. चहावाला आला तेव्हा जरा पुढे सरकून बघितलं. रंगी राम आल्यावर मात्र उठून गेले. मीही मग बंद केला. उरलेले पैसे त्या डबीत फुकट गेले.

फेब्रुवारीत हीथसाहेबांनी निवडणूक लावली, टीव्हीवरची साडेदहाची बंदी उठली, मार्चमध्ये तीन दिवसांचा आठवडा संपला. मालिका चालूच राहिली, तब्बल १९८१ पर्यंत. पुढच्याच वर्षी, १९७५ च्या उन्हाळ्यात, त्यातला सार्जंट मेजर आणि तो बुटका गाणारा लॉफ्टी, म्हणजे विंडसर डेव्हिस आणि डॉन एस्टेल, ह्यांची रेकॉर्ड पहिल्या नंबरावर गेली. इस्पितळातल्या पार्टीत ती वाजली की हे बाहेर सिगरेट ओढायला जायचे. सिगरेट त्यांनी तिथेच सुरू केली.

अप्पा आमच्याकडे एकदाच आले, १९८१ च्या उन्हाळ्यात. तोवर आमचं स्वतःचं घर होतं, रंगीत टीव्ही होता, दोन मुलं होती. चार्ल्स-डायनाचं लग्न त्यांनी कोट घालून पाहिलं. आणि त्याच सुमाराला त्या मालिकेचे शेवटचे भाग लागत होते. मायकल बेट्स १९७८ मध्येच वारले होते, तेव्हा रंगी राम नव्हता. मंडळही देवळाली सोडून ब्रह्मदेशाच्या जंगलात गेलं होतं. मी चॅनल बदलायला उठले तर अप्पा म्हणाले, "राहू दे. हेच का ते?"

अर्धा तास ते ताठ बसून पाहत होते. सार्जंट मेजर ओरडला तेव्हा एकदाच हसले. म्हणाले, "आवाज अगदी असाच. पण हा ह्या लोकांवर ओरडतोय. आमच्यावर नाही ओरडायचा."

ह्यांनी विचारलं, "मग काय करायचा?"

"काही नाही. बघायचाच नाही आमच्याकडे."

मग चहावाला आला तेव्हा अप्पा पुढे झुकले. "किटली चुकीची धरलीय त्याने. खाली निखारे असतात, असं धरलं तर मांडी भाजेल." आणि त्यांनी उठून, आमच्या त्या इंग्लंडच्या दिवाणखान्यात, गालिच्यावर उभं राहून, हात अंगापासून लांब धरून, खांदा एका बाजूला टाकून चालून दाखवलं. नातवंडं हसली. त्यांना तो खेळ वाटला. हे हसले नाहीत. हे उठले आणि म्हणाले, "अप्पा, परत एकदा दाखवा बरं."

आता बीबीसी ती मालिका पुन्हा दाखवत नाही. ठीकच आहे. 'ब्लॅक अँड व्हाइट मिन्स्ट्रेल शो' नावाचा, गोरे गायक तोंडं काळी करून गायचे तो शनिवारचा कार्यक्रमही त्यांनी १९७८ मध्ये बंद केला होता, तोही वीस वर्षं चालवून. डीव्हीडी निघाल्या, क्लिपा फिरतात. आम्ही परत येऊन नाशिकला राहिलो त्यालाही आता बरीच वर्षं झाली. देवळाली कॅम्पात अधूनमधून जाते. कॉलेजातली मुलं कॅफेत बसतात, तोफांचे आवाज अजून येतात, तोफखान्याची शाळा आहेच.

भाचीला मी उत्तर लिहिलं, "हो, माहितीय." तिचं लगेच, "मग कधी बोलली नाहीस??" पुन्हा दोन प्रश्नचिन्हं. म्हटलं, ब्लॉगवर लिहिते, वाच.

लिहायच्या आधी ह्यांना विचारलं, वॉर्डातलं लिहू का? हे म्हणाले, लिही, आता तिथलं कोण उरलंय. मग क्लिप मागितली. पूर्ण पाहिली, दोन मिनिटं अकरा सेकंद. फोन परत दिला, आणि उठून स्वतःच चहा टाकला. आलं किसायला मात्र मला हाक मारली.